लाल कळांचं यंत्र

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. त्यातून तो वाचला, पण त्याचे कान गेले. हे आमच्या लक्षात यायलाही बरेच दिवस जावे लागले. आजारपणाआधी सकाळी दूधवाल्यानं सायकलची घंटा वाजवली की तो दाराकडे धावायचा. दवाखान्यातून आणल्यावर घंटा वाजली तरी पाठ करून बसलेला असायचा. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. मग एकदा सासूबाईंच्या हातून पितळेचं पातेलं त्याच्या अगदी मागं पडलं. मी आतल्या खोलीतून धावत आले. तो मात्र लाकडी गाडी फरशीवरून फिरवत राहिला. सासूबाई पातेलं न उचलताच माझ्याकडं बघत म्हणाल्या, "लेकराला ऐकू आलं नाय गं."

मी तेव्हा औरंगाबादच्या एका मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते. शहराचं नाव आता बदललंय, पण त्या दिवसांबद्दल लिहिताना हातून जुनंच नाव येतं. यजमान वीज मंडळात होते. सिडको तेव्हा नुकतंच वसत होतं आणि आमचं घर तिथं होतं. सासूबाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. मी नोकरी करणारी, म्हणून नातवाला सांभाळायला त्या शेतावरचं सगळं थोरल्या दिरांवर सोपवून आमच्याकडं राहायला आल्या होत्या.

पाचव्या वर्षी त्याला मूकबधिर मुलांच्या शाळेत घातलं. तिथं मुलांना बोलायला शिकवायचे. हातवारे करायचे नाहीत असा नियम होता, केले तर हातावर पट्टी बसायची. हाताची सवय लागली की जीभ वळत नाही, असं त्या काळी सगळेच मानत. तिथल्या बाई मला तेच सांगायच्या आणि मी मान डोलवायचे. संध्याकाळी मी त्याला घेऊन आरशासमोर बसायचे. तोंडापुढं कागदाची पट्टी धरायची, 'प' नीट म्हटला की पट्टी हलायची. 'म' म्हणताना त्याचा हात माझ्या नाकावर ठेवायचा. अशी वर्षं गेली. त्याला 'आई', 'पाणी', 'बस' असे मोजके शब्द म्हणता यायला लागले, तेही आम्हा घरच्यांनाच कळतील असे. अक्षरं तो फार सुंदर गिरवायचा. पण पाटीवर लिहिलेलं 'पाणी' आणि माठातलं पाणी यांचं नातं त्याच्या मनात जुळत नव्हतं. नऊ वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या शाळेत संगणक आले.

शाळांना संगणक देण्याची सरकारची योजना होती आणि त्यासाठी प्रत्येक शाळेतून एका शिक्षकाला प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. आमच्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो, स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा कुणी वर बघेना. मी गणिताची, म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. अभियांत्रिकी महाविद्यालयात वर्ग भरायचे. शिकवणारे सर माझ्यापेक्षा बरेच लहान होते आणि भराभर इंग्रजीत बोलायचे. पहिले काही दिवस मला निम्मंच कळलं. मग एका दुपारी मी स्वतः लिहिलेल्या चार ओळींनी पडद्यावर सातचा पाढा उमटवला आणि मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी शिक्षिकेचा मी हातच धरला.

यंत्र विलायती होतं. फिकट पिवळसर रंगाची एक रुंद पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारख्या काळ्या कळा आणि वरच्या रांगेत लाल कळा. संगणक म्हणजे तेवढंच, बाकी एक पडदा आणि एक साधा टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. परत चढवताना कॅसेट किर्रर्र आवाज करत फिरत राहायची, आणि मध्येच काही बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. सर सांगायचे, हे यंत्र विलायतेत तिथल्या दूरदर्शनच्या एका शैक्षणिक मालिकेसाठी निघालं आणि मग तिथल्या शाळाशाळांत जाऊन बसलं. त्याच घराण्यात घरी वापरायचं एक लहान, स्वस्त यंत्रही होतं आणि नंतर जास्त स्मरणशक्तीची मोठी भावंडंही निघाली. आमच्याकडं आली ती मधली. मला वाटायचं, एवढ्या लांबून, एवढ्या शाळांसाठी ज्यानं हे बनवलं त्यानं मुलांचा विचार नक्कीच केला असणार. कुठलीही कळ कशीही दाबली तरी ते मोडायचं नाही. फक्त इंग्रजीत 'चूक' असं सांगायचं आणि थांबून राहायचं.

शाळेत या यंत्रांसाठी कोपऱ्यातली खोली रिकामी केली. तिला पडदे लागले, खाली गालिचा आला. मोठ्या बाईंनी नारळ फोडला. शिवणाच्या बाईंनी पाच यंत्रांना पाच झालरीची आच्छादनं शिवली. चपला बाहेर काढूनच आत जायचं. मुली आत येताना देवळात आल्यासारख्या हळू बोलायच्या.

माझ्या मुलाची शाळा लवकर सुटायची. आधी रिक्षावाला त्याला घरी सासूबाईंकडं सोडत असे. पण सासूबाई त्याच्या सातव्या वर्षीच गेल्या होत्या. त्यानंतर दुपारी तो शेजारी बसायचा, तिथं त्याला सारखं हटकायचे. म्हणून मी मोठ्या बाईंची परवानगी काढली आणि रिक्षावाला त्याला माझ्या शाळेत आणून सोडायला लागला. मी तास संपवून येईपर्यंत तो संगणकाच्या खोलीत बसायचा.

पहिल्या आठवड्यात त्यानं नुसतं बघितलं. मी एक यंत्र सुरू केलं. सुरू होताना ते आधी जाड आणि मग बारीक असा दोन सुरांचा आवाज करतं. मुली त्या आवाजाला हसायच्या. त्यानं दुसऱ्या दिवशी माझा हात धरून पेटीवर ठेवला, मग स्वतःचा ठेवला आणि मला यंत्र पुन्हा बंद-चालू करायला लावलं. त्या पेटीत ध्वनीबरोबर किंचित थरथर व्हायची. मला ती तोवर जाणवलीही नव्हती.

मग तो कळा दाबू लागला. त्याच्या शाळेत त्याच्याकडं बघणारं प्रत्येक माणूस आधी त्याच्या ओठांकडं बघायचं आणि मग चेहरा पाडायचं. या यंत्राला त्याला ऐकू येत नाही हे माहीतच नव्हतं. तो दाबेल ते अक्षर पडद्यावर यायचं, लगेच, दर वेळी. दिवाळीपर्यंत तो इंग्रजी आज्ञा लिहून रंगीत चौकोन काढायला लागला. त्या शब्दांचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. अमुक लिहिलं की तमुक होतं, एवढं त्याला दिसत होतं. हे बघून माझ्या मनात आलं, मराठी शब्दांचंही असंच झालं तर?

यंत्रात मराठी अक्षरं नव्हती. पण एक सोय होती. आठ बाय आठ चौकटींचं एक घर, त्यातल्या कुठल्या चौकटी भरायच्या ते सांगितलं की तुम्ही नवीन अक्षर तयार करू शकता. एवढ्याशा जागेत आपलं 'क्ष' किंवा 'ऊ' मावत नाही. मी चौकटीच्या कागदावर अक्षर काढायचे, एकावर एक दोन घरं घ्यायचे, मात्रा वरच्या घरात, उकार खालच्या. शिरोरेषा जुळायची नाही, पुन्हा खोडायचे. यजमान माझ्या शेजारी बसून चौकटी मोजायचे. वीज मंडळातून दमून आलेला हा माणूस चहा गार करून घेत 'ण'ची गाठ कुठल्या चौकटीत पाडायची यावर माझ्याशी वाद घालायचा. तो हिवाळा आमच्या घरातला चांगला काळ होता. आम्ही दोघं मुलाबद्दल रडण्याऐवजी पहिल्यांदाच काहीतरी करत होतो.

कळांवर इंग्रजीशेजारी बारीक मराठी अक्षरं चिकटवली आणि पहिला शब्द 'पाणी'च ठेवला. कळ दाबली की आधी माठ यायचा, मग खाली अक्षरं उमटायची, मग माठ नाहीसा व्हायचा आणि नुसती अक्षरं राहायची. तीच अक्षरं त्यानं दाबली की माठ परत यायचा. चुकला तर काही यायचं नाही. त्यानं माठ आणला. पुन्हा आणला. एकदा मुद्दाम चुकवून बघितलं. मग तो उठला, व्हरांड्यात गेला आणि तिथल्या माठाला हात लावून आत आला, आणि माझ्याकडं बघत राहिला. त्या नजरेचं वर्णन मला अजून करता येत नाही. त्याला कळलं होतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो रस्ताभर एकेका वस्तूवर बोट ठेवत होता, झाड, सायकल, कुत्रा, पानटपरी, आणि मला विचारत होता, याचं काय?

दीडएक वर्षात त्यानं शेकडो शब्द घेतले. मग मी दोन-तीन शब्द जोडायला शिकवलं. 'आई आली.' 'बाबा घरी.' एक शनिवार होता, अर्धा दिवस शाळा. मी खोलीत कॅसेटींवर चिठ्ठ्या चिकटवत होते. त्यानं माझा पदर ओढला. पडद्यावर लिहिलं होतं:

आजी बस कधी

मला आधी समजलंच नाही. तो त्याच ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं बघत होता. मग त्यानं खाली आणखी लिहिलं:

आजी देवगाव. बस कधी येणार

मी कॅसेटी खाली ठेवल्या. सासूबाई शेवटच्या आजारात हट्ट धरून देवगावला गेल्या होत्या. त्यानं त्यांना मध्यवर्ती बसस्थानकावर लाल गाडीत बसताना बघितलं होतं. खिडकीतून त्यांनी त्याला पेढ्याचा पुडा दिला होता. काही आठवड्यांनी त्या गेल्याची खबर आली तेव्हा आम्ही घाईघाईनं निघालो आणि त्याला शेजारी ठेवलं. लहान आहे, घाबरेल, आणि सांगणार तरी कसं? त्यानंतर त्यांचा फोटो भिंतीवर लागला, त्याला हार चढला. आम्हाला वाटलं, त्याला समजलं असेल. फोटोला हार म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं होतं? तीन-चार वर्षं तो त्या बसची वाट बघत होता, आणि विचारायला त्याच्याकडं शब्द नव्हते.

मी त्याला घरी आणलं. यजमान जेवायला बसत होते. मी त्यांना सांगितलं, तो काय लिहितोय. ते ताटावरून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. ती त्यांची आई होती.

"आपण त्याला उद्या नेऊ," ते आत येऊन म्हणाले.

"नेऊन काय दाखवायचं?"

"जे आहे ते."

रविवारी आम्ही देवगावच्या गाडीत बसलो. देवगावला उतरल्यावर तो पुढं पळत सुटला, थेट दिरांच्या घराकडं. सगळ्या खोल्या बघितल्या, गोठा बघितला. मग यजमानांनी त्याचा हात धरला आणि त्याला ओढ्याकाठी, अग्नी दिला होता त्या जागी नेलं. तिथं आता काही नव्हतं, नुसती काळपट जमीन आणि कडेला बाभळी. यजमान खाली बसले. त्यांनी जमिनीवर आडवा हात ठेवून डोळे मिटले, मग काडीपेटी काढून काडी ओढली आणि जळू दिली, मग दोन्ही हात वर आकाशाकडं नेले. काय करावं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मुलगा काडीकडं बघत होता. ती विझल्यावर तो वडिलांच्या गळ्यात पडला आणि असा काही आवाज त्याच्या तोंडून निघाला की ओढ्यापलीकडं गुरं राखणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

सोमवारी तो शाळेतून आला आणि थेट यंत्रासमोर बसला. त्यानं लिहिलं: मला का नाही नेलं.

मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच पडद्यावर उत्तर लिहिलं, त्याला येत असलेल्या शब्दांत. आई बाबा घाबरले. आई बाबाला शब्द नव्हते. त्यानं ते पुन्हापुन्हा वाचलं. नंतर त्यानं आज्ञा देऊन पडदा कोरा केला आणि चौकोन काढायला लागला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं त्या यंत्रांवर आमचं घर चाललं असं म्हटलं तरी चालेल. घरी बोलायचं राहून गेलेलं सगळं आम्ही तिथं बोलायचो. तो माझ्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्त्या करायला लागला. माझा 'झ' त्याला आवडायचा नाही, त्यानं तो नव्यानं काढला. त्याच्या शाळेतली दोन मुलंही शनिवारी यायला लागली. माझ्या वर्गातल्या मुलींनी तीच अक्षरं वापरून पाढ्यांचे, नकाशांचे धडे केले. मी ते इतर शाळांना कॅसेटवर भरून पाठवायचे. आपण काहीतरी टिकणारं करतोय असं मला वाटत होतं.

यंत्रं टिकली नाहीत. आधी एकाच्या आतून धूर निघाला आणि खोलीभर कुजक्या मासळीसारखा वास सुटला. वीजपुरवठ्याचा भाग जळला होता. तो भाग मागवला तर कळलं, ते यंत्र बनणंच बंद झालंय. कंपनी आता दुसऱ्या जातीची यंत्रं बनवते, ही जुन्याशी जुळत नाहीत. योजनाही कुठंतरी दिल्लीत गुंडाळली गेली होती. दुरुस्तीला येणारा माणूस यायचा बंद झाला. मी एका यंत्राचे भाग काढून दुसऱ्यात घातले, दुसऱ्याचे तिसऱ्यात. पाचाची तीन झाली, तिनाचं एक. ते एक माझा मुलगाच उघडायचा, कळा काढून स्पिरिटनं पुसायचा. शेवटी कळा दाबल्या तरी काही अक्षरं येईनाशी झाली. एक दिवस पडद्यावर त्यानं लिहिलेल्या वाक्यात 'आ' कुठंच नव्हता.

नव्या मोठ्या बाई आल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, नव्या पद्धतीचे संगणक येतायत. बाहेरची संस्था येऊन शिकवणार आहे. ते डबे आता हलवायला हवेत."

"त्यात मराठीचे धडे आहेत."

"नव्यावर चालतील का?"

चालणार नव्हते. त्या कॅसेटी नव्या यंत्राला वाचता येत नव्हत्या, आणि मी बनवलेली अक्षरं त्या एका जातीच्या यंत्रापुरतीच होती. नव्या यंत्रांवर तेव्हा सगळं इंग्रजीच होतं. मी तसं सांगितलं.

"मग काय करणार?" त्या हळूच म्हणाल्या.

खोलीला नवं कुलूप लागलं. संस्थेचा नियम होता, बाहेरच्या मुलांना प्रवेश नाही. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो एकदा सवयीनं आला, चपला काढल्या, दार ढकललं. ते उघडलं नाही. मी वर्गातून खिडकीतून बघत होते. त्यानं चपला परत घातल्या आणि फाटकातून बाहेर गेला. त्यानंतर तो माझ्या शाळेत कधी आला नाही.

पुढं तो त्यातूनच मार्गी लागला हे मात्र खरं. मराठी टायपिंगची संगणकीय सोय आली तेव्हा गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात त्याला काम मिळालं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं. त्याच्या हातून एक अक्षर चुकायचं नाही. पण स्वतःचं लिहायचं म्हटलं की त्याचं मराठी तसंच राहिलं, विभक्त्या गळलेलं. उशिरा मिळालेली भाषा तेवढीच मुरली. मूकबधिर संघटनेच्या मेळाव्यात त्याची जालन्याच्या एका मुलीशी ओळख झाली, तीही बहिरी, पण जन्मापासूनची. त्यांचं लग्न झालं. दोघं हातांनी बोलायची, इतकी भरभर की मला त्यातलं काही कळायचं नाही. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते माझ्याशी बोलताना कधी आलं नव्हतं. मी बाजूला बसून बघायचे. त्यांना मुलगी झाली, ती ऐकणारी. छापखाना बंद पडला तेव्हा तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोंदी भरण्याच्या कामाला लागला. यजमान गेले. मी निवृत्त झाले होते. आम्ही चौघं एकाच घरात नीट राहत होतो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला. श्वास लागायला लागला तेव्हा मिळेल त्या रुग्णालयात बिछाना घेतला, आत कुणालाही जाऊ देत नव्हते. त्याला रुग्णवाहिकेत चढवताना मी त्याच्या गळ्यात एक पुठ्ठा अडकवला, 'मला ऐकू येत नाही, लिहून सांगा.' तो माझ्यावर रागावला. लाज वाटली त्याला. पण काढला नाही.

आत गेल्यावर तो मोबाईलवर लिहायचा.

सगळे तोंड बंद, असं त्यानं पहिल्या दिवशी लिहिलं. मला समजायला क्षणभर लागला. मास्क. आयुष्यभर लोकांच्या ओठांवरून जे थोडंफार कळायचं, तेही आता त्याला दिसत नव्हतं. कोण आला कळत नाही. सुई का कळत नाही. मी बाहेरून फोन करून करून तिथल्या एका सिस्टरांना गाठलं. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आजी, मला माहितीय ते. मी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते त्यांना. माझी ड्यूटी असते तेव्हा तरी."

त्यानंही लिहिलं: एक सिस्टर चांगली. लिहते.

मी त्याला दिवसभर लिहायचे. नात काय शिकतेय, सुनेनं काय रांधलं. त्याला कळतील असे शब्द निवडायचे, जसे तेव्हा निवडायचे. सून व्हिडिओवर हातांनी बोलायची, तो एका हातानं उत्तर द्यायचा, दुसऱ्यात सलाईन असायचं. मग त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क आला आणि ओळी कमी व्हायला लागल्या. शेवटची दुपारी आली: आज थकलो. उद्या लिहतो. आई जेव.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचाच फोन आला. मी तो ऐकला आणि सुनेकडं वळले. तिला सांगायचं होतं. मला हातांची भाषा येत नव्हती. कागद पेन घ्यायला हात पुढं होईना. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मला काही सांगावं लागलं नाही.

मागच्या वर्षी शाळेतून फोन आला. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. अडगळीची खोली रिकामी करून सगळं ई-कचऱ्यात द्यायचं होतं. "बाई, तुम्हाला एकदा बघायचं असेल तर या." नात मला घेऊन गेली. ती आता अभियांत्रिकीला आहे. कोपऱ्यात ती यंत्रं एकावर एक रचलेली होती, रंग काविळीसारखा झालेला. कॅसेटींना बुरशी आलेली. नातीनं मोबाईलवर त्या यंत्रांची माहिती काढली आणि वाचून दाखवायला लागली. त्या घराण्याचा शेवट कसा झाला, कंपनी कशी तुकड्या-तुकड्यांनी संपली. मग ती थांबली.

"आजी, याच लोकांनी नंतर एक चिप बनवली होती. आपल्या मोबाईलमधल्या चिप तिच्याच वंशातल्या आहेत. बाबांच्या मोबाईलमधलीसुद्धा."

तिला वाटलं, मला बरं वाटेल. मी "हो का?" म्हटलं. तिनं विचारलं, एखादं घरी न्यायचं का. मी नको म्हणाले. भंगाराचा टेम्पो फाटकात उभा होता, त्यांना घाई होती. आम्ही बाजूला झालो. एका मजुरानं पहिली पेटी उचलली तेव्हा तिच्यातून काही सुट्या कळा खाली सांडल्या. तो त्या पायानं बाजूला सारून पुढं गेला.

घरी आता आम्ही तिघी आहोत. नात वसतिगृहातून शनिवारी येते, बाकीचे दिवस मी आणि सून. तो असताना आम्हा दोघींमधलं बोलणं त्याच्याकडूनच व्हायचं, तिचं तो मला लिहून दाखवायचा, माझं तिला हातांनी सांगायचा. तो गेल्यावर काही महिने आम्ही एकमेकींना चिठ्ठ्या लिहिल्या. भाजी आणू का. गोळी घेतली का. त्यापुढं लिहायचं सुचत नव्हतं. मग मी एका चिठ्ठीत लिहिलं, हातांची भाषा मला शिकव.

माझी बोटं संधिवातानं वळत नाहीत. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून माझं बोट धरून सरळ करते, पुन्हा करायला लावते, कधी हसते. माझ्या हातून भलताच अर्थ होतो. मूकबधिर शाळेतल्या बाईंसमोर मान डोलवत होते ती वर्षं मला आठवतात. तेव्हाच मी त्याच्याबरोबर हे शिकले असते तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारणार?

काल ती त्याच्याबद्दल काहीतरी सांगत होती. लग्नानंतर ते दोघं वेरूळला गेले होते तेव्हाचं. माकड होतं, पिशवी होती, तो कुठंतरी वर चढला होता, एवढं मला कळलं. पुढचं ती हसत हसत इतकं भरभर सांगायला लागली की माझ्या हातून सुटलं. मी तिचे हात धरून थांबवलं आणि जमेल तसं म्हटलं, नाही कळलं, सावकाश. तिनं डोळे पुसले, गॅस बारीक केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.